कॅलिफोर्नियात कलाकारांचे कार्यक्रम ठरवताना टॅलेंट एजन्सीचा परवाना नेमका कुठे लागतो?

तानपुरा४४० (मूळ प्रश्न)

नमस्कार. प्रश्न फक्त कॅलिफोर्नियापुरता आहे.

बे एरियातली एक गायिका आणि तिचे तीन साथीदार यांचं काम पाहायचं आहे. वेबसाइट, व्हिडिओ, प्रवास, साउंडवाल्याशी बोलणं, हिशेब हे सगळं त्यात आलं. शिवाय राज्यातली मराठी मंडळं, देवळांच्या समित्या आणि लग्नांचे प्लॅनर यांना ईमेल करून कार्यक्रम मिळवणंही. मानधन कार्यक्रमाला साधारण ४,००० डॉलर, त्यावर १५ टक्के कमिशन. पुढच्या वर्षी भारतातून चार जणांचा एक दौरा पी-३ व्हिसावर (संस्कृतिविशिष्ट कला सादर करायला येणाऱ्या परदेशी कलाकारांचा व्हिसा) आणायचाही विचार आहे.

१. टॅलेंट एजन्सीचं लायसन्स लागेल का? लागत असेल तर वरच्यापैकी कोणत्या कामासाठी?
२. करारात "पर्सनल मॅनेजर" किंवा "सल्लागार" असा शब्द घातला आणि "काम मिळवून देण्याची हमी नाही" असं कलम टाकलं, तर भागतं का? बरेच जण तसंच करतात असं ऐकलंय.
३. लायसन्सचा खर्च आणि कागदपत्रं?
४. दौऱ्याला वेगळे नियम आहेत का?

कलम_पोटकलम

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकच आहेत. ईमेल पाठवणार असाल तर लायसन्स लागतं, आणि करारातला शब्द बदलून काहीही फरक पडत नाही.

राज्याच्या लेबर कोडमध्ये कलम १७०० पासून टॅलेंट एजन्सीज अ‍ॅक्ट आहे. १७००.४ मधली व्याख्या कामावरून केलेली आहे, पदावरून नाही. कलाकारासाठी काम मिळवणं, मिळवून देऊ असं सांगणं, वचन देणं किंवा नुसता प्रयत्न करणं, यातलं काहीही व्यवसाय म्हणून केलं की ती टॅलेंट एजन्सी. आणि १७००.५ सांगतं की लेबर कमिशनरच्या लायसन्सशिवाय हा धंदा करता येत नाही. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जत्रेसाठी आलेल्या गावकऱ्यांकडून तमाशाच्या फडाची सुपारी घेणारा व्यवस्थापक जे करतो, नेमकं तेवढंच काम या कायद्याच्या नजरेत आहे. फडाचा मुक्काम, गाड्या, पगार, तंबू सांभाळणारा माणूस त्यात येत नाही. सुपारी घेणारा येतो.

तुमच्या यादीला हीच फूटपट्टी लावा. वेबसाइट, व्हिडिओ, रियाजाचं वेळापत्रक, गाण्यांची निवड, प्रवास, साउंडचा टेक रायडर (तांत्रिक गरजांची यादी), हिशेब, कोणता कार्यक्रम घ्यावा आणि कोणता सोडावा याचा सल्ला: याला लायसन्स नको. "आमच्या गायिकेची १८ ऑक्टोबर मोकळी आहे, मानधन ४,००० डॉलर, तुमच्या दिवाळी कार्यक्रमाला विचार करावा" असा ईमेल मंडळाच्या सेक्रेटरीला गेला की तो प्रयत्न झाला. कार्यक्रम ठरला की नाही हा प्रश्नच येत नाही.

लोक जिथे फसतात ती जागा दुसरीच आहे. मंडळानेच आपणहून फोन केला, तुम्ही फक्त मानधनावर बोललात, म्हणजे तुम्ही काही "मिळवलं" नाही असं वाटतं. लेबर कमिशनरची भूमिका तशी नाही. काम पक्कं व्हावं म्हणून देणाऱ्याशी केलेली बोलणीही त्यात धरली जातात, सुरुवात कोणीही केलेली असो. आलेला फोन गायिकेकडे किंवा तिच्या लायसन्स असलेल्या एजंटकडे वळवा, आकडा त्यांना बोलू द्या. "आकडा किती सांगू?" असं तिने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही तिला सल्ला दिलात, तर ते मॅनेजरचं काम.

"मुख्य काम व्यवस्थापनाचंच, बुकिंग कधीमधी" हा बचाव १९९५ मध्येच संपला. वेझब्रेन विरुद्ध पेपरकॉर्न प्रॉडक्शन्स या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की काम मिळवणं हा एकूण कामाचा छोटा भाग असला तरी लायसन्स लागतंच. २००८ मध्ये मॅराथॉन एंटरटेनमेंट विरुद्ध ब्लासी या खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तेच उचलून धरलं. मात्र मॅनेजरांना थोडा श्वासही दिला. एखादं बेकायदा बुकिंग झालं म्हणून अख्खा करार आपोआप बाद होत नाही. बेकायदा भाग वेगळा काढता येत असेल तर उरलेल्याचं कमिशन मागता येतं.

आकड्यांत पाहू. वर्षाला १२ कार्यक्रम, प्रत्येकी ६०० डॉलर कमिशन, एकूण ७,२००. त्यातले ८ तुमच्या ईमेलमुळे आले आणि ४ गायिकेने स्वतः ठरवले. भाग वेगळा करता आला तर ४,८०० जातील आणि २,४०० वर हक्क सांगता येईल. करार मुळापासून बुकिंगसाठीच होता असं दिसलं तर सगळे ७,२०० जातील. तेव्हा कोणता कार्यक्रम कुणी, कसा ठरवला याची नोंद तारखेनिशी ठेवा. नोंद नसेल तर वेगळं काढायला हातात काहीच उरत नाही.

"काम मिळवून देण्याची हमी नाही" हे कलम जरूर टाका, त्याने कलाकाराला खरं काय ते कळतं. पण तुमच्या मेलबॉक्समध्ये वीस ईमेल पडलेले असताना ते कलम तुम्हाला वाचवणार नाही.

एकच मोठी सूट आहे: रेकॉर्डिंगचा करार मिळवून देणं व्याख्येतून वगळलेलं आहे. म्युझिक कंपनीशी अल्बमची बोलणी करता येतात. त्याच अल्बमच्या प्रचाराचे जाहीर कार्यक्रम ठरवायला मात्र लायसन्स लागतं.

ताळेबंद

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. लोक समजतात तितकं ते अवघड नाही.

अर्ज लेबर कमिशनरकडे. अर्जाची फी २५ डॉलर, लायसन्सची वार्षिक फी २२५, प्रत्येक शाखेचे आणखी ५०. ५०,००० डॉलरचा शुअरिटी बाँड लागतो. हा आकडा वाचून बरेच जण मागे फिरतात, पण तेवढी रोख ठेवायची नसते. बाँड कंपनी हमी देते, तुम्ही तिला दरवर्षी प्रीमियम भरता, आणि प्रीमियम तुमच्या क्रेडिटवर ठरतो. बाँडमधून कुणाला भरपाई दिली गेली तर कंपनी ती तुमच्याकडून वसूल करते. म्हणजे तो तुमचा विमा नव्हे, कलाकाराचं संरक्षण आहे.

अर्जासोबत बोटांचे ठसे, आणि धंदा जिथे करणार त्या शहरातल्या किंवा काउंटीतल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांची चारित्र्याबद्दलची शपथपत्रं. ते तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखत असले पाहिजेत. नव्याने तिथे राहायला गेलेल्यांची गाडी इथे अडते. दुसऱ्या काउंटीतला जुना मित्र चालत नाही.

लायसन्सची मुदत वेगळीच मोजतात. पहिलं लायसन्स तुमच्या पुढच्या वाढदिवसापर्यंत, मग दरवर्षी वाढदिवसाआधीच्या ३० दिवसांत नूतनीकरण. कॉर्पोरेशन असेल तर तिच्या स्थापनेची तारीख धरतात. वाढदिवसाला महिनाच उरला असेल तर पहिली २२५ डॉलर फी महिन्याभरासाठीच जाईल. अर्ज कधी टाकायचा ते त्या हिशेबाने ठरवा.

यानंतरची कामं:

कलाकाराशी करायच्या कराराचा नमुना लेबर कमिशनरकडून मंजूर करून घ्यावा लागतो. एजन्सीला लेबर कमिशनरचं लायसन्स आहे हे वाक्य कायद्यात दिलेल्या शब्दांतच, ठळक अक्षरात, पहिल्या पानावर छापायचं. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर नमुना परत येईल.

फीचं दरपत्रक दाखल करायचं आणि ऑफिसात दिसेल असं लावायचं. दर बदलला तर दाखल केल्यापासून ७ दिवसांनी लागू होतो.

कलाकाराच्या वतीने आलेला प्रत्येक चेक आधी ट्रस्ट खात्यात टाकायचा आणि कमिशन कापून ३० दिवसांच्या आत कलाकाराला द्यायचा. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. मंडळाचा ४,००० चा चेक चालू खात्यात जमा होतो, त्यातून साउंडवाल्याचे ९०० दिले जातात, हॉलचं डिपॉझिट जातं, आणि मग "उरलेले" कलाकाराला. तसं करायचं नाही. साउंडचा खर्च कलाकाराने करायचं ठरलं असेल तर तिची लेखी संमती आणि बिल दोन्ही फायलीत हवं, आणि पैसे कुठून कुठे गेले ते ओळीओळीने दिसायला हवं.

नोंदणी फी घ्यायला साफ बंदी आहे. स्वतःचा आर्थिक संबंध असलेल्या फोटोग्राफरकडे किंवा स्टुडिओकडे कलाकाराला पाठवायलाही. तिकडून दलाली घेणं तर नाहीच.

२०१९ पासून आणखी एक भर पडली आहे. कलाकाराशी जोडलं गेल्यापासून ९० दिवसांत लैंगिक छळ प्रतिबंध, तक्रारीचे मार्ग, पोषण आणि खाण्याशी निगडित आजार यांबद्दलचं माहितीसाहित्य द्यायचं आणि दिल्याची नोंद ठेवायची. प्रत्येक उल्लंघनाला १०० डॉलर दंड.

माझं मत: वर्षाला आठ-दहा कार्यक्रम स्वतः ठरवणार असाल तर लायसन्स घेऊन टाका. मॅनेजर म्हणूनच राहायचं असेल तर १५ टक्क्यांऐवजी महिन्याला ठरावीक रक्कम घेणं सुटसुटीत. म्हणजे कमिशन बुकिंगशी जोडलं जाणार नाही.

कलम_पोटकलम

@ताळेबंद, बाकी सगळं पटलं, पण शेवटच्या सल्ल्याबद्दल थांबा. महिन्याची ठरावीक रक्कम हा दुसरा खड्डा आहे.

क्रेकोरियन टॅलेंट स्कॅम प्रिव्हेन्शन अ‍ॅक्ट १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, लेबर कोडमध्ये १७०१ पासून. आधी पैसे घेऊन काम मिळवून देण्याचं आमिष दाखवणाऱ्यांसाठी तो आणला, पण व्याख्या रुंद आहे. कलाकाराच्या कारकिर्दीचं व्यवस्थापन करण्यासाठी घेतलेली फीही तिच्यात येऊ शकते. कलाकाराच्या कमाईवरची टक्केवारी आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची भरपाई यांना सूट आहे, महिन्याच्या ठरावीक पगाराला सरसकट नाही. आणि या कायद्याचा भंग फौजदारी गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा १०,००० डॉलरपर्यंत दंड. टॅलेंट एजन्सीज अ‍ॅक्टमध्ये आता फौजदारी शिक्षाच नाही. म्हणजे दिवाणी धोका टाळायला जाऊन माणूस फौजदारीच्या दारात उभा राहतो. टक्केवारीवरच राहा, आणि ठरावीक रक्कम हवीच असेल तर करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

तानपुरा४४०

दोघांचेही आभार, फार नेमकं सांगितलंत. दोन उपप्रश्न.

लॉस एंजलिसमध्ये लायसन्स असलेले एक एजंट ओळखीचे आहेत. मंडळांशी बोलून मी तारखा ठरवायच्या आणि कागद त्यांच्या लेटरहेडवर काढायचा, त्यांना ३ टक्के द्यायचे, असं चालेल का? आणि गेल्या वर्षभरात लायसन्स नसताना काही कार्यक्रमांवर घेतलेल्या कमिशनचं काय?

कलम_पोटकलम

लेटरहेडचं सांगतो, ते नाही चालणार.

१७००.४४ च्या पोटकलम (ड) मध्ये सवलत आहे, पण ती तीन अटींवर. एजंट लायसन्सधारक हवा. तुम्ही त्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्यासोबत काम करायला हवं. आणि तुमचा सहभाग कराराच्या वाटाघाटीपुरता हवा. दार ठोठावणं त्यात येत नाही. तुम्ही तारीख ठरवून मग शिक्का मारायला त्यांच्याकडे जाणं म्हणजे बरोबर उलटा क्रम.

सुलटा क्रम असा: एजंट मंडळाला ईमेल करतो. मंडळ होकार देतं. मग एजंट तुम्हाला लिहितो की "साउंड, मुक्काम आणि मानधनाच्या अटींवर मंडळाशी बोलायला कृपया सामील व्हा." तो ईमेल जपून ठेवा, कारण "सांगण्यावरून" हे सिद्ध करायला तोच एक कागद आहे. प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळा. वर्षारंभी घेतलेल्या एका मोघम परवानगीपत्रावर विसंबू नका. आणि एजंट खरं काम करणार असेल तर ३ टक्क्यांत तो का करेल याचाही विचार करा. साधारण १० टक्के त्याचे, आणि मॅनेजरचे वेगळे. गायिकेला एकूण किती टक्के द्यावे लागतात ते तिला आधीच आकड्यात सांगा: ४,००० मधले ४०० एजंटचे, ६०० तुमचे, तिच्या गटाच्या हातात ३,०००, आणि ते चौघांत.

एजंटचं लायसन्स चालू आहे की नाही हे राज्याच्या औद्योगिक संबंध खात्याच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. संपलेलं लायसन्स म्हणजे लायसन्स नाहीच.

घेतलेल्या कमिशनबद्दल ताळेबंद किंवा इतर कुणी लिहील, माझं थोडं त्यानंतर.

तिसरीघंटा

चौथा प्रश्न, दौऱ्याचा.

पी-३ मधला "एजंट" आणि टॅलेंट एजंट हे दोन वेगळे प्राणी आहेत, नाव एक असल्याने घोळ होतो. व्हिसासाठीचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१२९, भरणारा अमेरिकेतला एजंट कलाकारांना स्वतः काम देणारा असू शकतो, किंवा काम देणारे आणि कलाकार या दोघांचा प्रतिनिधी असू शकतो. अर्जाला सगळ्या तारखांचं आणि ठिकाणांचं वेळापत्रक, करारांच्या प्रती, कामगार संघटनेचं सल्लापत्र आणि कला संस्कृतिविशिष्ट असल्याचे पुरावे जोडावे लागतात. तबलजी, पेटीवाले हे गटाचे कलाकार म्हणून अर्जात येतात. साउंड इंजिनिअर, मेकअपवाले अशा सहायकांसाठी पी-३एस हा वेगळा अर्ज. अर्ज कामाच्या तारखेच्या एक वर्षाहून आधी करता येत नाही. व्हिसा मंजूर झाला म्हणजे राज्याचं लायसन्स मिळालं असं नाही. उलट दोघांचा प्रतिनिधी म्हणून सही केलीत, तर उद्या वाद झाला तेव्हा तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल.

लायसन्स लागतं की नाही हे दौऱ्याची रचना कशी आहे त्यावर ठरतं. तुम्ही चौघांना दहा प्रयोगांचं एकरकमी मानधन देता, विमान आणि हॉटेल तुमचं, तिकीटविक्री तुमची, प्रेक्षक आले नाहीत तर तोटाही तुमचा: हे निर्मात्याचं काम. स्वतःच्या कार्यक्रमासाठी कलाकाराला काम देणं म्हणजे त्याला दुसरीकडे काम मिळवून देणं नव्हे, अशी लेबर कमिशनरची भूमिका आहे. याउलट दहा मंडळं दहा चेक कलाकाराच्या नावे देतात आणि तुम्ही प्रत्येकातून १५ टक्के घेता, तर ते बुकिंग. अधलीमधली रचना, म्हणजे निर्माता म्हणायचं पण तोटा कलाकाराच्या माथी मारायचा, ही सर्वांत वाईट. मंडळांनीही करार नीट वाचावा. काम देणाऱ्याला लायसन्स लागत नाही, पण मानधनाचा चेक कुणाच्या नावे निघतोय हे पाहणं त्यांच्या हातात असतं.

कर आधी पाहा, नाहीतर शेवटच्या प्रयोगानंतर रडारड होते. परदेशी कलाकाराच्या मानधनावर केंद्राची कपात एकूण रकमेवर ३० टक्के असते, खर्च वजा न करता. ती कमी करून घ्यायची असेल तर सेंट्रल विथहोल्डिंग अ‍ॅग्रीमेंटसाठी फॉर्म १३९३० पहिल्या कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. कॅलिफोर्निया राज्याची वेगळी ७ टक्के, वर्षात १,५०० डॉलरच्या वर गेलं की. तीही कमी करून घेता येते, फॉर्म ५८९. ४०,००० च्या दौऱ्यात या दोन्ही मिळून १४,८०० डॉलर अडकतात. भारतात परतलेल्या पेटीवाल्याला हे नंतर फोनवर समजावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, करारातच आकडा लिहा.

किनारपट्टी

एक पुरवणी, कारण पुढे कुणी शोधत इथे येईल.

न्यूयॉर्कचा नियम वेगळा आहे. तिथे कलाकारांचं व्यवस्थापन करताना काम शोधणं केवळ आनुषंगिक असेल तर मॅनेजरला एजन्सीचं लायसन्स लागत नाही. कॅलिफोर्नियात नेमका हाच बचाव चालत नाही. मात्र न्यूयॉर्कमध्ये एजन्सीच्या फीला कायद्याचीच मर्यादा आहे: साधारण १० टक्के, संगीत मैफली आणि ऑपेरासाठी २०.

मुलं असतील तर कॅलिफोर्नियात आणखी दोन गोष्टी. लायसन्सधारक एजन्सी सोडून अल्पवयीन कलाकारांचं प्रतिनिधित्व करणाऱ्याला चाइल्ड परफॉर्मर सर्व्हिसेस परमिट लागतं. आणि मुलाच्या एकूण कमाईचे १५ टक्के कूगन ट्रस्ट खात्यात, म्हणजे मुलासाठी राखून ठेवायच्या खात्यात, जायलाच हवेत. "आधी पोर्टफोलिओचे पैसे भरा, मग मालिकेत घेतो" म्हणणारा दिसला की कलम_पोटकलम यांनी सांगितलेला २०१० चा कायदा आठवा.

मुंबई-पुण्याहून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे टॅलेंट मॅनेजरसाठी असं खास लायसन्स नाही, सगळा भार करार कायद्यावर. त्यातलं कलम २७ महत्त्वाचं: कुणाच्या व्यवसायावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. पर्सेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान या २००६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करार संपल्यावरही "पहिला हक्क आमचा" असं बंधन खेळाडूवर घालता येत नाही. कलाकारांच्या करारांतही ते कलम अजून सर्रास दिसतं. सही करण्याआधी ते खोडून घ्या.

कलम_पोटकलम

आता राहिलेलं, घेतलेल्या कमिशनबद्दल.

कलाकार लेबर कमिशनरकडे वाद निवारणाचा अर्ज करू शकते. अर्जाच्या तारखेआधी एक वर्षाहून जुन्या उल्लंघनाबद्दल तिला परतावा मागता येत नाही. पण ही मुदत फक्त मागण्यापुरती आहे. तुम्ही थकलेल्या कमिशनसाठी तिच्यावर दावा लावलात, तर लायसन्स नव्हतं हा बचाव ती कितीही वर्षांनी घेऊ शकते. स्टाइन विरुद्ध स्टीव्हन्स, २००१, राज्याचं सुप्रीम कोर्ट. म्हणून थकबाकीसाठी कोर्टात जाणं हे मॅनेजरने उचलायचं सर्वांत महागडं पाऊल.

करारात लवादाचं कलम असेल तर वाद लेबर कमिशनरऐवजी लवादापुढे जातो, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये प्रेस्टन विरुद्ध फेरर खटल्यात ठरवलं. जागा बदलते, लायसन्सचा नियम तोच राहतो. लेबर कमिशनरचा निकाल मान्य नसेल तर १० दिवसांत सुपीरियर कोर्टात जायचं, तिथे सगळं नव्याने ऐकतात. हे दहा दिवस फार पटकन जातात.

तुम्ही आज करायचं ते एवढंच: बुकिंगचे ईमेल थांबवा, ठरलेल्या पण न झालेल्या कार्यक्रमांवरचं कमिशन घेऊ नका, ते कार्यक्रम एजंटकडे किंवा गायिकेकडे सोपवा. गेल्या १२ महिन्यांची यादी करा: तारीख, मंडळ, आधी कुणी कुणाला लिहिलं, मानधन, कमिशन. ती गायिकेला दाखवा आणि परत करायच्या रकमेबद्दल तिच्याशी सरळ बोला. तिला वेगळा वकील दाखवायला सांगा, तिच्या वतीने तुमचाच वकील नको. जुना करार दुरुस्त करत बसू नका, नवीन करा, आणि त्यात मॅनेजरची कामं एकेक करून लिहा. नवीन करारावर मागची तारीख टाकायची नाही.

तानपुरा४४०

यादी करायला घेतली. १४ कार्यक्रमांपैकी ९ माझ्या ईमेलने, ५ तिच्याकडे थेट आलेले, त्यातल्या दोनांत मानधनावर बोलणं माझं. ते दोन कोणत्या बाजूला लिहायचे?

कलम_पोटकलम

नऊच्या बाजूला.